शनिवारचे दीड तास

महिन्यातला पहिला आणि तिसरा शनिवार, दुपारी चार ते साडेपाच. दहा-बारा खुर्च्या गोलात मांडलेल्या, एक समुपदेशक बाई आणि घरात डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेलं माणूस असलेले आम्ही सगळे. या आधारगटात मी पावणेतीन वर्षं जातो आहे. त्याआधी दोन गट करून पाहिले आणि सोडले, हा टिकला. ओळखीतले लोक विचारतात, ‘‘तिथे बसून बोलून काय होतं? ताई बऱ्या होणार आहेत का त्यानं?’’ नाही होणार. पण जे होतं ते सांगण्यासारखं आहे, आणि असा गट शोधणाऱ्यांना उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं वय ६३. प्रुफं तपासायचं काम करतो, बहुतेक घरूनच. ताई ७२ वर्षांची, माझी सख्खी मोठी बहीण. तिनं ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं. आमची आई लवकर गेली, मला वाढवलं ते ताईनं. लग्न तिनं केलं नाही. सहा वर्षांपूर्वी माझी बायको गेली, तेव्हा ताई स्वतःचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली, मी एकटा पडू नये म्हणून. दोन वर्षांत सगळं उलटं झालं. एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हणायची, पण आज वार कोणता ते सांगता यायचं नाही. गॅस तीनदा उघडा राहिला. न्यूरोलॉजिस्टनी रक्ताच्या तपासण्या, एमआरआय, स्मरणशक्तीच्या चाचण्या करून अल्झायमरचं निदान केलं. औषध लिहून दिलं आणि स्पष्ट सांगितलं, की यानं आजार थांबणार नाही, लक्षणं काही काळ आटोक्यात राहिली तर राहतील. निघताना म्हणाले, ‘‘तुम्ही स्वतःची काळजी घ्या.’’ कशी घ्यायची, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

पहिला गट एका मोठ्या रुग्णालयाच्या सभागृहात भरायचा. साठ-सत्तर माणसं, पुढे पडदा, त्यावर मेंदूची चित्रं. माहिती चांगली होती, तिला मी नावं ठेवणार नाही. डिमेन्शिया हे एकाच आजाराचं नाव नाही, ६० ते ७० टक्के रुग्णांत त्यामागे अल्झायमर असतो. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा प्रकार वेगळा, मेंदूच्या पेशींत लेवी बॉडी नावाच्या प्रथिनांच्या गुठळ्या साठून होणारा वेगळा. कपाळामागच्या आणि कानशिलाच्या भागापासून सुरू होणारा फ्रंटोटेम्पोरल प्रकार पुष्कळदा साठीच्या आतच गाठतो. हे सगळं मला तिथेच कळलं. पण प्रश्नांना शेवटची दहा मिनिटं. माझ्या पुढच्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘आमचे हे रात्री मला घराबाहेर काढतात, कोण ही बाई म्हणून. मी काय करू?’’ उत्तर मिळालं, ‘‘शांत राहा, वाद घालू नका.’’ बाई खाली बसल्या. त्यांच्या हातातली पिशवी मांडीवरून घसरली ती त्यांनी उचलली नाही. रात्री दाराबाहेर उभ्या राहिलेल्या बाईला इतकंच सांगायचं असेल तर माणसं जमवायची कशाला, असं मला वाटलं आणि मी परत गेलो नाही.

दुसरा गट मोबाइलवरचा, दोनशेच्या वर माणसं. पहाटे तीनला ताई जागी असायची आणि तिच्यामागे मीही. त्या वेळी दोन ओळी लिहिल्या तरी कुणीतरी जागं सापडायचं. याचं मोल मोठं आहे, ते मी नाकारत नाही. पण दिवसभर शुभेच्छांची चित्रं यायची, स्मरणशक्ती परत आणणाऱ्या तेलांच्या आणि काढ्यांच्या जाहिराती यायच्या, आणि विचारायला आलेली माणसं त्यात हरवून जायची. मग एका रात्री एकानं आपल्या वडिलांचा व्हिडिओ टाकला. अंघोळीला न्यायला लागल्यावर ते कसे ओरडतात, ते दाखवायला. तो मुलगा वाईट नव्हता, बेजार होता. पण ते म्हातारे गृहस्थ अर्ध्या कपड्यांत, दोनशे अनोळखी माणसांच्या हातात. मी ताईचा विचार केला. ओढणीची पिन सुटली तरी वर्गात न शिरणारी ताई. त्याच रात्री गट सोडला.

तिसऱ्या गटाचा पत्ता औषधांच्या दुकानात मिळाला. मी मोठ्यांचे डायपर मागत होतो, माप सांगता येत नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी हळूच विचारलं, ‘‘घरी कोण?’’ कोण आजारी आहे, काय झालंय, असं काही नाही. फक्त ‘घरी कोण?’ मी म्हटलं, ‘‘बहीण.’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या सासूबाई.’’ माप त्यांनीच सांगितलं आणि चिठ्ठीच्या मागे शनिवारची वेळ लिहून दिली.

आता गट चालतो कसा, ते सांगतो, कारण माझ्या मते सगळं तिथेच ठरतं. समुपदेशक बाई पस्तिशीच्या आहेत आणि खोलीत सगळ्यात कमी बोलतात. सुरुवातीला प्रत्येकानं आपल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि गेल्या पंधरा दिवसांतली एक गोष्ट सांगायची. ‘पेशंट’ म्हणायचं नाही. नुसतं नाव सांगून गप्प बसलात तरी चालतं, मी पहिल्या दोन्ही शनिवारी तेच केलं. दुसऱ्याला सांगताना ‘मी असं केलं’ म्हणायला मुभा आहे, ‘तुम्ही असं करा’ म्हणायला नाही. वाचताना हा फरक फार छोटा वाटेल. पण ज्या घरात रोज नातेवाईक येऊन ‘तुम्ही असं करा’ म्हणून जातात, त्या घरातल्या माणसाला तो पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो. आणि औषध कुणी कुणाला सुचवायचं नाही, डॉक्टरांना विचारायचा प्रश्न सुचवायचा.

तिसऱ्या शनिवारी मी बोललो. जे बोललो ते तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

एका पुस्तकाची शेवटची प्रुफं होती, ४८ पानं, संध्याकाळी पोचती करायची होती. मी अंघोळीला गेलो. परत आलो तर ताई माझ्या टेबलाशी ताठ बसलेली, चष्मा नाकावर, हातात माझं लाल पेन. प्रत्येक ओळीला बरोबरची खूण किंवा फुली, आणि पानाच्या तळाशी गोल करून मार्क. तीस पानं झाली होती. मी तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलं. तिच्या बोटांतून पेन पडलं तरी मी सोडलं नाही. ती माझ्याकडे बघून घाबऱ्या आवाजात म्हणाली, ‘‘सर, एकच वर्ग राहिलाय, देते लगेच.’’ ज्या हातानं तिनं मला लिहायला शिकवलं त्या हातावर दुसऱ्या दिवशी माझ्या चार बोटांचे निळे वळ होते.

हे सांगून झाल्यावर खोलीत कुणी ‘होतं असं’ म्हटलं नाही. ‘तुम्ही तरी किती करणार’ असंही नाही. तसं कुणी म्हटलं असतं तर मी पुन्हा गेलो नसतो. जरा वेळानं त्याच दुकानातल्या काकूंनी विचारलं, ‘‘मार्क किती दिले होते?’’

मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं. घरी जाऊन खणातली पानं काढली. दहापैकी सहा, सात, पुन्हा सहा. एका पानावर नऊ. एकाखाली लिहिलं होतं, ‘अक्षर सुधारा.’ छापलेल्या पानाखाली. अक्षर तिचं होतं, तिरकं, स्वच्छ, जसं माझ्या वहीत असायचं. त्या तीस पानांत मला दोन वर्षांत भेटली नव्हती तेवढी ताई भेटली.

समुपदेशक बाईंनी मात्र ते तिथेच सोडलं नाही. बैठक संपल्यावर थांबवून घेतलं. आदल्या रात्री झोप किती झाली होती, हे विचारलं. वळ डॉक्टरांना दाखवायला सांगितले, लपवायचे नाहीत. पुन्हा हात उठायची वेळ आली तर घरात मी नेमका कुठे जाऊन उभा राहणार, ती जागा त्यांनी माझ्या तोंडून वदवून घेतली. आणि आठवड्यातून दोन दुपारी ताईजवळ बसायला माणूस मिळवून दिला. दिलासा आणि जाब, दोन्ही एकाच माणसाकडून मिळाले. गट भला की बुरा हे ओळखायची माझी खूण हीच आहे. नुसता गोंजारणारा गट काळजी घेणाऱ्याला बरा वाटतो, पण घरातलं आजारी माणूस त्यात उघडं पडतं.

पुढे मी बाद झालेली प्रुफं ताईसाठी ठेवायला लागलो. दिवस कलला की तिची घालमेल सुरू व्हायची, ‘घरी जायचंय, घंटा झाली’ म्हणत दाराशी खेपा घालायची. त्या वेळी टेबलाशी बसवून लाल पेन आणि गठ्ठा दिला की दीड-दोन तास शांत. सात महिने हे चाललं. मग एक दिवस तिनं कागद चुरगाळले आणि नुसतं पेन मुठीत धरून बसली. मला वाटलं माझंच काही चुकलं. गटात सांगितलं तर एक काका म्हणाले, ‘‘आमच्याकडे जुनी नाणी मोजायचं तीन महिनेच टिकलं.’’ एवढ्यानं जीव भांड्यात पडला. या आजारात उपाय सापडतो तो काही दिवसांपुरता असतो, हे मला कुठल्याही पुस्तिकेपेक्षा त्या काकांच्या एका वाक्यानं समजलं.

गटामुळे प्रत्यक्ष जीव वाचावा असे प्रसंगही मी पाहिलेत. गेल्या वर्षी ताई दोन दिवसांत एकदम ढासळली. दिवसा झोप, रात्री भिंतीवरचं काहीतरी वेचणं, बसता येईना. मला वाटलं, आली पुढची पायरी. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे असं एकदम झालं तेव्हा लघवीचा संसर्ग निघाला होता. लघवी तपासायला दिलीत का?’’ अल्झायमर महिन्या-वर्षांनी उतरतो. दोन दिवसांत घसरण झाली तर आधी संसर्ग, बद्धकोष्ठ, शरीरातलं पाणी कमी होणं, दुखणं, नवं औषध यांतलं काही आहे का ते बघायचं असतं. अशा एकाएकी होणाऱ्या गोंधळाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. ताईलाही संसर्गच निघाला. औषधानं आठवड्यात पुष्कळशी पूर्वपदावर आली. मी वाट बघत बसलो असतो तर काय, याचा विचार आजही नको वाटतो.

दुसरा प्रसंग एका निवृत्त गृहस्थांचा. त्यांच्या पत्नीला खोलीच्या कोपऱ्यात लहान मुलं दिसायची, रंगीत कपड्यांतली, न बोलणारी. हात आखडलेले, चालणं अडखळत, आणि एक दिवस अगदी लख्ख तर दुसऱ्या दिवशी धुकं. भास थांबवायचं औषध सुरू होणार होतं. आमच्यातल्या एकीच्या वडिलांना लेवी बॉडी डिमेन्शिया होता. तिनं औषधाचं नाव घेतलं नाही, नियम पाळला. तिनं कागदावर प्रश्न लिहून दिला: ‘हा लेवी बॉडीचा प्रकार असू शकतो का, आणि तसा असेल तर हे औषध चालेल का?’ त्या प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखी औषधं शरीर धोकादायक रीतीनं जखडून टाकू शकतात. गृहस्थांनी कागद डॉक्टरांपुढे ठेवला, डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि औषध बदललं. सल्ला देऊ नका, प्रश्न द्या, या नियमाचा अर्थ मला त्या दिवशी पुरता कळला.

मी आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या बाईच्या हाताखाली वाढलोय, त्यामुळे हे सगळं मोजता येतं का, हेही विचारलं. समुपदेशक बाईंनी मला काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजणारी झॅरिट यांची प्रश्नावली भरायला दिली. १९८० मध्ये स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी ती केली, आज सहसा २२ प्रश्नांची वापरतात. ‘तुमच्या माणसामुळे तुम्हाला स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का?’ अशा धर्तीचे प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, जास्तीत जास्त ८८. जितके जास्त तितका भार जास्त. मला ५७ पडले. वर्षानं पुन्हा भरली, तेव्हा ४४. ताई त्या वर्षात आणखी खालावली होती, कामं वाढली होती, तरी भार कमी निघाला. सगळा गटामुळे असं मी म्हणणार नाही. ती दोन दुपारची सोबत, दुरुस्त झालेली झोप, सगळ्याचं मिळून ते.

संशोधनही साधारण हेच सांगतं. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी अल्झायमरच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या ४०६ पती-पत्नींवर वर्षानुवर्षं अभ्यास केला. एका बाजूला नेहमीची सेवा. दुसऱ्या बाजूला सहा समुपदेशनाच्या बैठका, त्यांतल्या चार घरच्यांना सोबत घेऊन, मग आधारगट, आणि अडलं की फोनवर सल्ला. दुसऱ्या बाजूच्या रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवायची वेळ मध्यमानानं ५५७ दिवस पुढे गेली, असं २००६ मध्ये छापून आलं. दीड वर्षं! पण लक्षात घ्या, ते एकट्या गटाचं फळ नव्हतं. घरच्या बाकीच्या माणसांना समोर बसवणं हा त्यातला मोठा भाग होता. आमच्या गटात तो नाही, आणि ती उणीव मला बोचते. माझा पुतण्या एकदा जरी त्या खुर्चीत येऊन बसला असता तर ‘आत्या मला तर ओळखते, तू उगाच घाबरवतोस’ हे त्याचं फोनवरचं पालुपद थांबलं असतं.

आणि काळजी घेणाऱ्याचं काय होतं, तेही मोजलेलं आहे. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ मध्ये वृद्ध जोडप्यांचा अभ्यास मांडला. जोडीदाराची काळजी घेताना ताण जाणवणाऱ्यांत चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण, तशी काळजी घ्यावी न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त होतं. बाईंनी हा आकडा सांगितला तेव्हा गोलात बसलेल्या प्रत्येकानं दुसऱ्याकडे बघितलं. त्यानंतरच्या पंधरवड्यात आमच्यातल्या चौघांनी स्वतःचं रक्तदाब-साखर तपासून घेतलं. दोघांचं वाढलेलं निघालं. एक त्यातला मी.

गोलात सहसा नऊ बायका आणि दोन-तीन पुरुष असतात. जगभर हेच आहे. काळजीच्या एकूण तासांपैकी ७० टक्के बायकांच्या वाट्याला येतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी बहिणीचं करतो म्हणून बाहेर माझं कौतुक होतं. गटात होत नाही, आणि ते मला आवडतं. तिथल्या बायका तेच काम वीस वर्षं करताहेत, आधी सासऱ्यांचं, मग सासूचं, आता नवऱ्याचं. त्यांना कुणी कौतुकानं काही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

एक गोष्ट मात्र भाऊ म्हणून मला फक्त तिथेच बोलता आली. ताई समोर बसलेली असते आणि मला तिची आठवण येते. हे बाहेर सांगितलं की लोक चमत्कारिक बघतात. बाईंनी सांगितलं, पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी याला नाव दिलंय, ‘अँबिग्युअस लॉस’. संदिग्ध वियोग म्हणता येईल. माणूस आहे आणि नाही. नुसत्या नावानं काही हलकं होत नाही, पण आपण चमत्कारिक नाही एवढं तरी कळतं.

आता उणिवा. सगळ्यात मोठी ही, की वेगवेगळ्या पायऱ्यांवरची घरं एकाच गोलात बसतात. मागच्या वर्षी एक तरुण जोडपं आलं, आईचं निदान होऊन तीन आठवडे झालेले. त्याच दिवशी आम्ही नळीवाटे भरवायचं की नाही, पाठीच्या जखमा कशा धुवायच्या, हे बोलत होतो. ती मुलगी पांढरीफटक पडली. दोघं पुन्हा आले नाहीत. त्यांना थांबवायला हवं होतं, आणि त्यासाठी नव्यांची वेगळी बैठक हवी. मी हे दोनदा सुचवलंय.

दुसरी, सह्या-कागदपत्रांचं सत्र फार उशिरा झालं. बँकेचे व्यवहार कुणी बघायचे, मृत्युपत्र, शेवटच्या दिवसांत कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे सगळं माणसाला समजतंय तोवर त्याच्याशी बोलून करायचं असतं. आमच्याकडे ते बोलणं झालं तेव्हा ताईला स्वतःची सही येत नव्हती. तिला काय हवं होतं ते मी आता अंदाजानं ठरवतो. नव्या माणसाला पहिल्या महिन्यातच हे सांगायला हवं.

तिसरी, माणूस गेल्यावर गटही सुटतो. नियम नाही तसा, पण होतं तसं. एक काका पत्नी गेल्यावर दोनदा आले, मग म्हणाले, ‘‘आता नाव कुणाचं घेऊ?’’ आम्हा कुणालाच उत्तर देता आलं नाही.

आणि घरी कुणाला बसवून यायचं, हा प्रश्न सुरुवातीला होताच. आता शेजारच्या खोलीत दोन स्वयंसेवक बसतात, ताईला सोबत नेता येतं. तीन महिन्यांतून एकदा आजारी माणसं आणि घरचे एकत्र बसतात. हॉलंडमधल्या लायडन इथे बेरे मीसेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये अल्झायमर कॅफे सुरू केला, त्याच कल्पनेवर. सुरुवातीच्या पायरीवरच्या घरांना त्याचा फार उपयोग होतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. निदान झालेला एक माणूस स्वतः उभा राहून सांगत होता, मला काय होतंय ते. पण ताईच्या देखत मला वळांची गोष्ट सांगता आली नसती. दोन्ही प्रकार हवेत, एकाच्या जागी दुसरा चालणार नाही.

ज्यांना घर सोडताच येत नाही त्यांनी पडद्यावरच्या बैठकीत जरूर बसावं. मी आठ-दहा वेळा बसलोय. माहितीला उत्तम, रडायला अवघड. गटच जवळ नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेनं काळजी घेणाऱ्यांसाठी केलेली ‘आयसपोर्ट’ पुस्तिका आहे, २०१९ मध्ये आली. सराव करून करून शिकायची आहे, सलग वाचायची नाही.

गट निवडताना मी आता एवढंच विचारीन: एका वेळी किती माणसं बसतात, बोलायला किती मिळतं, चालवणारं माणूस शिकलेलं आहे का, इथलं बोलणं इथेच राहतं का, आणि कुणी काही विकतं का. विकत असेल तर त्याच पावली परत. आणि एका बैठकीवरून ठरवू नका. माझी पहिली दोन अगदी मुकी गेली होती.

गटाला मार्क द्यायचे तर दहापैकी सात. ताई साडेसात देत नसे, अर्धा मार्क म्हणजे मास्तरला ठरवता आलं नाही असं म्हणायची. घरच्यांची बैठक आणि नव्यांचा वेगळा वर्ग सुरू झाला तर नऊ.

गेल्या तीन आठवड्यांत ताईनं पेन धरणं सोडलंय. हातात दिलं तर बोटं मिटत नाहीत, ते मांडीवरून घरंगळत खाली येतं आणि ती त्याच्याकडे बघतही नाही. पाणी पिताना ठसका लागायला लागलाय. ठसक्याचं डॉक्टरांना सांगितलं. पेनचं अजून कुणाला सांगितलेलं नाही. या शनिवारी सांगणार आहे.